रानाईवरची न उठलेली पंगत

नामदेवकाका ही गोष्ट सांगायला बसले की आधी ओट्यावरचा दिवा घालवतात. "किडं येतात," म्हणतात. भर थंडीत कुठले आलेत किडे? पण विचारायची छाती कोणाची होत नाही.

त्या दिवशी ऐकायला वरद आणि ईश्वरी होते. कामोठ्याच्या एका सोसायटीतली ही भावंडं. उजाडता उजाडता रानाईचा डोंगर चढायचा म्हणून आदल्या संध्याकाळीच कोंडपाड्याला येऊन काकांकडे उतरली होती. जेवणं झाली, सॅक भरून झाल्या, आणि ईश्वरीने सहज विचारलं, "काका, वर कचऱ्याचा डबा आहे ना?"

काकांनी हात लांब करून दिव्याचं बटण दाबलं.

"डबा नाय, बाय. पन माझ्या पुतन्याची गोष्ट हाय. हरेशची. तो समोरचा दुमजली बंगला दिसतो ना, त्यातला. खोटं वाटलं तर सकाली त्यालाच विचार. सांगल का नाय, ते मी नाय सांगू शकत."

वरद हसला. ईश्वरीने पाय वर ओढून घेतले.

कोंडपाडा म्हणजे नावड्यापासून आत, कारखान्यांची शेवटची भिंत संपते तिथून पुढे डोंगराला टेकलेलं गाव. शेतं गेली, त्यांच्या जागी गोदामं आली. कौलं गेली, बंगले आले. राहिला तो एक डोंगर. त्याच्यावर रस्ता नाही, कधी नव्हताच. ऐन, किंजळ, हेदीचं दाट रान, मध्येच उघडा कातळ, माथ्यावर शेंदूर फासलेली रानाई, आणि तिच्यापर्यंत जाणारी एक पायवाट, बस्स. गावच्या विहिरी उन्हाळ्यात आटत नाहीत त्या या रानाच्या जिवावर.

खाली रात्री कारखान्यांचा वास सुटतो. नासक्या अंड्यासारखा, नाकात घर करणारा. पण डोंगर चढू लागलं की निम्म्या वाटेवर एक पाटासारखा कातळ लागतो, तिथे तो वास तुटतो. एक पाऊल अलीकडे वास, एक पाऊल पलीकडे नुसता पालापाचोळ्याचा गंध. कामोठ्या-कळंबोलीची माणसं रविवारी धापा टाकत चढून येतात ती त्या एका पावलासाठी. कातळावर बसायचं, छाती भरून घ्यायची, झऱ्याचं पाणी तोंडावर मारायचं आणि उतरायचं. एवढंच. त्याला कोणी पैसे लावले नव्हते.

हरेशने लावले.

पोरगा वाईट नव्हता. महाप्याच्या कंपन्यांना भाड्याने गाड्या लावायचा, त्यात काही राहीना, म्हणून तंबू घेतले, मोबाईलवर जाहिरात टाकली. 'रानाई कॅम्पिंग. नो रोड, नो रूल्स.' शनिवार-रविवारी ऑफिसांची टोळकी येऊ लागली. गडी डोक्यावरून सामान चढवायचे: कोंबडीचे मॅरिनेट केलेले डबे, कोळसा, बाटल्या, माणसाच्या छातीएवढा स्पीकर. माथ्याच्या जरा खाली एक सपाटी आहे, तिथे रात्रभर धुडगूस. सकाळी टोळकं उतरलं की सपाटीवर काय उरायचं ते सांगताना आजही काकांचं तोंड कडू होतं. चोखलेली हाडं. मेयोनीजने बरबटलेल्या प्लेटी, त्यात विझवलेल्या सिगारेटी. झऱ्यात ओकारी. देवीमागे वापरलेले कागद. एकदा तर लहान मुलाची भरलेली लंगोटी, करवंदीच्या जाळीत नीट खोचून ठेवलेली, जणू नवस.

आणि हे सगळं खाली कोण आणणार? चढताना मजुरी, उतरताना परत मजुरी? हरेशने तोड काढली. सपाटीच्या मागे एक कोंड आहे, विहिरीसारखा खोल खड्डा, झाडांनी झाकलेला. त्यात ढकलायचं. दोन हंगाम ढकललं. वरून दिसत नव्हतं, म्हणजे नव्हतंच.

इथे काका थांबतात आणि एक रीत सांगतात. ती ऐकल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

"वर्सातून एकदा रानाईची राखन असते. कोंबडं आनि भाकरी. दरसाल एका घरानं गावाला जेवन घालायचं, ते वरच. यजमानानं वाढायचं. समद्यांचं झालं की यजमानानंच सोताच्या हातानं उष्टी पानं उचलायची, हाडं, द्रोन, सगलं बांधून खाली आनायला. मग शेवटचं पान त्याचं. आनि समदी पानं त्यानं उचलली नाय तवर कोनी उठायचं नाय. कितीबी वेल होवदे. पंगत बसून र्‍हाते."

"आणि नाहीच उचललं तर?" वरदने विचारलं.

"तसं कोनी केलंच नवतं ना, पोरा."

गेल्या डिसेंबरातली एकोणीस तारीख. शुक्रवार, मार्गशीर्षातली अवस. आदल्या दिवशी घरोघरी गुरुवारचं उद्यापन झालेलं, महिनाभर आवरून धरलेल्या जिभा सुटलेल्या. सकाळीच तीसेक जणांचं टोळकं डोंगरावर गेलं आणि दुपारभर खाऊन-पिऊन सूर्य कलताना झिंगत उतरलं. गड्यांनी घाईघाईत कचरा कोंडात लोटला, तंबू आणले, पण स्पीकर आणि शेगडी वरच राहिली.

"सकाली आनतो शेट," गडी म्हणाले. "अवस हाय. आता आमी नाय जानार."

"अरे, सकाळी सातला दुसरा ग्रुप आहे! आणि दव पडलं की गेला स्पीकर, हजारांची वस्तू ती." हरेश वैतागला. "राहू द्या. मीच जातो. तासाभराचं काम."

निघताना अंगणात विपुल भेटला. त्याच्याच भावकीतला, आता बिल्डर. रानाईवर गाडीरस्ता न्यायचा आणि माथ्यावर रिसॉर्ट बांधायचं, हे विपुलचं वर्षभराचं टुमणं. पायथ्याची वरकस, उताराची हलकी जमीन हरेशच्या नावावर. तिच्यातून वाट मिळाल्याशिवाय रस्ता डोंगराला शिवत नव्हता. रविवारी ग्रामसभेत हरेशने 'हो' म्हटलं की संपलं. गावातले म्हातारे नको म्हणत होते, पण म्हाताऱ्यांची जमीन मध्ये येत नव्हती.

"मग हरेशशेट, रविवारी नक्की ना?"

"नक्की रे. शब्द दिलाय ना?"

"नाय, तुझा काका सगळ्यांचे कान फुंकतोय. रान मरेल, पाणी मरेल, घाण होईल... अरे, उलट रस्ता झाला की घंटागाडी डायरेक्ट वर! कचऱ्याचं टेन्शनच खलास."

"मी पण तेच बोलणार आहे," हरेश म्हणाला. रंजिता, त्याची बायको, दारातून ऐकत होती. ती म्हणाली, "घंटागाडी आपल्या आळीत तरी येते का वेळेवर?" दोघंही हसले आणि हरेश चालू लागला.

अंधार पडता पडता तो पाटाच्या कातळाशी पोचला. सवयीने थांबला. छाती भरून श्वास घेतला.

आणि खोकला आला.

वास तुटला नव्हता.

खालचा वास नव्हता हा. तो ओळखीचा. हा गोडसर होता. बंद डब्यात आठवडाभर राहिलेल्या रश्श्यासारखा. जिभेवर साय धरावी तसा बसणारा. हरेशने रुमाल नाकाला लावला. कोंडाचा वास, दुसरं काय. वारा इकडचा असेल. झाडाचं पानही हलत नव्हतं, ते त्याच्या नंतर लक्षात आलं.

सपाटीवर पोचला तेव्हा पुरती रात्र झाली होती. त्याने मोबाईलचा टॉर्च फिरवला. स्पीकर होता, शेगडी होती. पण बाकी सपाटी स्वच्छ. नुसती स्वच्छ नाही, चाटून-पुसून. टोळकं काय, गडी काय, सगळे घाईत गेलेले. निखाऱ्यांची राख, सांडलेला मसाला, चुरा, काहीतरी राहायला हवं होतं. राखसुद्धा नव्हती. दगड ओले होते. त्याने एका दगडावर बोट फिरवलं. चिकट.

दव असेल, तो स्वतःला म्हणाला.

मग आवाज आला.

मचमच. मचमच. तोंड उघडं ठेवून कोणी खावं तसा. कुत्री वर चढली असणार, हाडांच्या वासाने. एक आवाज... मग शेजारी दुसरा... मग पार कोंडाच्या काठापर्यंत, एका ओळीत. कुत्री ओळीत खात नाहीत.

"हाड!" तो ओरडला.

आवाज थांबले. सगळे एकदम.

ईश्वरीने इथे वरदची बाही धरली. काकांनी ते पाहिलं, पण आवाज चढवला नाही. उलट खाली आणला.

हरेशने टॉर्च वळवला. पंगत बसली होती. समोरासमोर दोन ओळी, मांडी घालून, राखणीला बसतात तशी. माणसं होती का? हरेश म्हणतो, मी तोंडांशिवाय काही बघितलं नाय. तोंडं मोठी होती. कडांना ओली, सुजलेली, तेलकट. डोळ्यांच्या जागी काय होतं ते उजेडाला लागलंच नाही. आणि प्रत्येकापुढे एक प्लेट. चांदीच्या कागदाची, काठावर छापलेलं. 'रानाई कॅम्पिंग'.

प्लेटीत काय होतं ते काका सगळं सांगत नाहीत. थोडं सांगतात. चघळून थुंकलेली हाडं, परत चघळलेली. च्युइंगमचे गोळे. केसांचं गुंतवळ. ओले, वापरलेले कागद, भातासारखे कालवलेले. एकापुढे ती लंगोटी होती. ते बोटांनी आतलं निपटून खात होतं, सावकाश, खरवस संपू नये म्हणून पोर खातं तसं.

हरेशने तोंडावर हात दाबला.

जवळच्या एकाने मान वळवली.

"यजमान आलं."

ओळीतून कुजबुज गेली. "यजमान... यजमान आलं..." आदराने. ते सगळ्यांत वाईट, असं हरेश म्हणतो. त्या आवाजात माया होती.

"वाढा," एक म्हणालं.

"न... नाय काही," हरेश म्हणाला. "संपलं."

"खाली हाय."

हरेश एक पाऊल मागे सरला.

"लय हाय खाली. रोज वास येतो."

कोणी तरी बोट चोखलं. लांबवर.

"रस्ता कधी?"

हरेशला वाटलं आपण ऐकलंच नाही.

"रस्ता कधी, यजमान? गाड्या भरभरून येतील ना. आमाला पोटभर..."

त्याला उत्तर द्यायचं नव्हतं. तोंडातून आपसूक निघालं. "रविवारी."

पंगत हसली. आवाज न करता. सगळी तोंडं फक्त उघडली आणि आतलं दिसलं.

"मग बसा," शेजारचं म्हणालं आणि सरकलं. ओळीत एका माणसाची जागा झाली. "तुमचं पान ठेवलंय."

प्लेट होती. भरलेली. पांढरट, चकाकणारं, वर सिगारेटचं थोटूक खोचलेलं. त्यातून वाफ येत होती.

त्याचे गुडघे वाकले. वाकवले नाहीत, वाकले. ओठाशी काहीतरी आलं. ओलं. कोमट.

आणि त्याच क्षणी त्याला आठवलं. लहानपणी बापामागून राखणीला आलेला. बाप घामाघूम, ओणवा होऊन पानं उचलतोय, आजी ओरडतेय, आधी उचल, मेल्या, मग गिळ...

"आधी..." हरेश म्हणाला. "आधी उचलतो. मग जेवतो. रीत हाय."

सगळी तोंडं त्याच्याकडे वळली.

"रीत हाय," ओळीतून कोणी तरी म्हणालं. नाराजीने.

स्पीकरची मोठी पिशवी पडली होती. ती त्याने उचलली. पहिल्या प्लेटीला हात घातला. त्या तोंडाचा श्वास त्याच्या मनगटावर येत होता. लाळेची तार लागली, तुटली नाही. दुसरी. प्लेट मऊ पडलेली, बोटं आत गेली. तिसरी. लंगोटीवाल्याने सोडली नाही. दोघं ओढत राहिले. मग त्याने सोडली, आणि हरेशची बोटं चाटून घेतली. चौथी. पुढची. पुढची... ओळ कोंडाच्या काठावरून खाली उतरत होती. खाली, काळोखात. तिथेही मचमच.

पिशवी भरली.

कोणी उठलं नाही.

"अजून हाय, यजमान."

"उद्या," तो म्हणाला. "उद्या येतो."

"रोज या."

तो मागे मागे सरकला. कोणी अडवलं नाही. पाठ फिरवली तसा मागून पुन्हा खाण्याचा आवाज सुरू झाला. रिकाम्या जमिनीवरून. माती खाल्ल्याचा.

रंजिताने दार उघडलं तेव्हा हरेश उंबऱ्याबाहेर उभा होता. खरचटलेला, अनवाणी, पिशवी बाळासारखी छातीशी धरलेली.

"स्पीकर कुठाय? आणि हे काय आणलंत? ई... शी! बाहेर ठेवा आधी ते!" तिला वासानेच कोरडी ओकारी आली. "अहो, बोला ना. पडलात का? कोणी मारलं का?"

"हात धुवायला पाणी दे," तो म्हणाला. "नाही, बादलीच दे."

पिशवी उजेडात उघडली. प्लेटी. गड्यांनी संध्याकाळी कोंडात ढकललेल्या, त्या. पण धुतल्यासारख्या लख्ख. वास तेवढा तसाच.

शनिवारी सातचा ग्रुप आला तो दारावरूनच परत गेला. शिव्या देऊन, पैसे घेऊन. हरेश काकांकडे आला, याच ओट्यावर बसला आणि सगळं सांगितलं. काकांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी इतकंच म्हणाले, "जेवलास?"

"ओठाला लागलं, काका. गिळलं का... आठवत नाही."

रविवारी ग्रामसभेत विपुल पांढरा शर्ट घालून पुढेच बसला होता. नाव पुकारलं तसा हरेश उठला आणि म्हणाला, "माझी जमीन रस्त्याला नाही."

"काय?" विपुल हसतच उभा राहिला. "ए, मस्करी नको हां. शब्द दिलायस."

"नाही देत."

"काकानं करणी केली काय रे तुझ्यावर? का म्हाताऱ्यांसारखं तुला पण आता झाडं-पाखरं दिसायला लागली? अरे, रस्ता नाही तर तुझा धंदा काय, माझा काय? डोंगर नुसता पडून राहणार?"

"राहू दे पडून."

"आणि कचऱ्याचं काय? तूच बोलणार होतास ना, रस्ता झाला की घंटागाडी वर येईल म्हणून?"

हरेशचे ओठ पांढरे पडले होते. "मी आणीन खाली," तो म्हणाला. "डोक्यावरून."

लोक हसले. विपुल पाय आपटत निघून गेला. पण जमिनीच्या मालकानेच नाही म्हटल्यावर ठराव बारगळला तो बारगळलाच. डोंगर आजही तसाच आहे. रविवारी माणसं चढतात, कातळावर बसतात, उतरतात.

दुसऱ्या दिवसापासून हरेश खरंच कोंडात उतरू लागला. दोरीने. आधी एकटा, मग रंजिता काठावर पोती धरायला, मग काका, मग लाजेकाजेने ते गडीही. वरचा थर ठीक होता. खालचा एकमेकांत मुरून आंबलेला, फावडं घातलं की उसासा सोडायचा. अळ्या. पाणी काळं. माणसं दोन दिवस जेवत नसत. सकाळी काम करायचं आणि ऊन कलायच्या आत उतरायचं, हे कोणी ठरवलं नव्हतं, पण कोणी चुकवलंही नाही. संक्रांतीच्या आधी शेवटचं पोतं खाली आलं. कोंडाचा तळ लागला, आणि दगडाखालून बोटभर झरा वर आला.

त्या रात्री हरेशच्या परसातला नळ वाजला.

दोघंही जागे होते. नळ सुरू झाला, बंद झाला. चूळ भरल्याचा आवाज. थुंकल्याचा. परत नळ. परत चूळ. मग पुढचा. पुढचा... रांगेने. कोणी बोलत नव्हतं. मध्येच एक तृप्त ढेकर. रंजिताने हरेशचा हात इतका आवळला की नखं रुतली. तो पुटपुटला, "उठले. उठू दे. जाऊ दे."

पहाटे केव्हातरी शांत झालं.

उजाडल्यावर काकांनीच आधी पाहिलं. बंगल्याची मागची भिंत, दिवाळीला रंगवलेली, पांढरी. तिच्यावर कमरेच्या उंचीला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तेलकट हात पुसलेले. पिवळट. बोटं लांब. एकाशेजारी एक, कुठेही दाटी नाही, सावकाश पुसलेले. नंतर चुना मारला आणि ते ठसे गेले.

काका थांबले. वरदने विचारलं, "संपली?"

"भायेरचे गेले," काका म्हणाले. "पन 'उचलतो, मग जेवतो' म्हनला होता ना हरेश."

दाराला आतून कडी होती. खिडक्या बंद होत्या. पण स्वयंपाकघरात, हरेश जेवायला बसतो त्या जागेच्या पाठीमागे भिंतीवर एक हात होता. एकच. रंजिताने सोड्याने घासला. खरवडला. गवंड्याने तेवढं प्लास्टर पाडून नवं केलं, वर टाईल बसवली.

आता तो टाईलवर आहे. एरवी दिसतही नाही.

हरेशचं ताट वाढलं की ओला होतो.